सूर आणि साधना : परकी गिटार, घरची मींड

माणसांप्रमाणे वाद्यांनाही कुळ विचारले जाते. वीणा म्हटली की आपण हात जोडतो, कारण ती सरस्वतीच्या मांडीवर विराजमान झालेली आहे. बासरी गोकुळातली, तेव्हा तिच्या प्रवेशालाही कोणी हरकत घेत नाही. परंतु समुद्र ओलांडून आलेले एखादे वाद्य बैठकीत दिसले की जाणत्यांच्या कपाळावर आठी उमटते. हार्मोनियमचेच उदाहरण घ्या. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिच्यावर हुकमत मिळविली आणि आपल्या रंगभूमीने तिला माहेरवाशिणीसारखे वागविले. तरीही १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले आणि ते दार किलकिले व्हावयास १९७१ साल उजाडावे लागले. तिच्यावरील मुख्य आक्षेप तिच्या परदेशी जन्माचा नव्हता. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाण्याची क्रिया, जिला आपण मींड म्हणतो, ती तिला साधत नाही, हा तो आक्षेप होता.

ही कसोटी ध्यानात ठेवून आज एका परदेशी वाद्याची आणि त्याला आपल्या रागसंगीतात स्थान मिळवून देणाऱ्या एका कलावंताची ओळख करून घ्यावयाची आहे. वाद्य म्हणजे मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजविली जाणारी गिटार, आणि कलावंत म्हणजे पंडित ब्रिजभूषण काबरा. १९६७ साली निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. तिच्यावरील संतूरवादक पंडित शिवकुमार शर्मा आणि बासरीवादक पंडित हरिप्रसाद चौरसिया ही दोन नावे तर घराघरांत पोहोचली. तिसरे नाव मात्र आजही सांगावे लागते. ते नाव काबरा यांचे.

प्रथम वाद्याची जन्मकथा पाहू. गिटार हे मूळ युरोपातले वाद्य. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर ते दर्यावर्दी लोक व गुराखी यांच्याबरोबर एकोणिसाव्या शतकात पोहोचले. सामान्य गिटारच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. डाव्या हाताच्या बोटाने तार पट्टीवर दाबली की ठरलेला स्वर निघतो. हवाई बेटांतील लोकांना मात्र आपल्या गाण्यातील हेलकावा त्या वाद्यातून हवा होता. ओआहू बेटावर १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकू या मुलाने विद्यार्थिदशेतच एक निराळी रीत बसविली, असे मानले जाते. गिटार उभी न धरता मांडीवर आडवी घ्यावयाची, तारा दांडीपासून उंच उचलावयाच्या आणि डाव्या हातातील पोलादाचा गुळगुळीत तुकडा त्यांवरून सरकवीत राहावयाचे. तार दाबावयाची नाही, तिला केवळ स्पर्श करावयाचा. पट्ट्या मग जागा दाखविण्यापुरत्या उरल्या. दोन स्वरांमधली सारी वाट मोकळी झाली आणि गिटार गाऊ लागली. याच 'पोलादा'वरून तिला स्टील गिटार हे नाव पडले.

या शोधाच्या श्रेयाविषयी आणखी एक आठवण हवाईमध्ये सांगितली जाते व ती आपणांस विशेष कुतूहलाची वाटेल. केकुकूच्याही आधी, १८८४ च्या सुमारास, गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या तरुणाला तारेवरून वस्तू सरकवून गिटार वाजविताना पाहिल्याचे एका हवाईयन संगीतकाराने सांगून ठेविले आहे. हा तरुण जन्माने हिंदुस्थानातला असून एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेले होते, असे त्या आठवणीत म्हटले आहे. एवढ्यावरून स्टील गिटार मूळची आपलीच, असा डंका पिटणे योग्य होणार नाही. परंतु तारेवरून कांडी सरकविण्याची कल्पना आपणांस नवी नव्हती, हे मात्र नि:संशय खरे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त एकतंत्री वीणेचे वर्णन केले आहे. तिच्या एकाच तारेवर डाव्या हातातील बांबूची लहानशी कांडी फिरवून स्वर काढीत असत. पुढे दक्षिणेत गोट्टुवाद्य आणि उत्तरेत विचित्रवीणा ही वाद्ये याच तत्त्वावर नांदली. गोट्टुवाद्याला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून देणारे तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे तंजावरकडील मराठी परंपरेतले होते, हे आपण अभिमानाने स्मरावे. अर्थात स्टील गिटार जेव्हा येथे आली, तेव्हा पाहुणी परकी होती. तिच्या चालीची ओळख मात्र घरात जुनी होती.

हवाईहून हे वाद्य दोन दिशांना गेले. एक दिशा अमेरिकेची. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात हवाईयन संगीताने अमेरिकन श्रोत्यांना वेड लावले. तेथील खेड्यापाड्यांतून, शेतकरी व मजुरांच्या जीवनातून उगवलेल्या 'कंट्री' या गीतप्रकाराने हे वाद्य चटकन आपलेसे केले. जिमी रॉजर्स या सुप्रसिद्ध गायकाच्या १९२९ च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रणांत जो काइपो या हवाईयन वादकाची साथ ऐकू येते. पुढे हँक विल्यम्सच्या विरहगीतांत डॉन हेल्म्स यांच्या गिटारचा हुंदका गाण्याच्या शब्दांइतकाच बोलका ठरला. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पायाने खटका दाबून तिचा स्वर बदलला आणि तेव्हापासून तेथील गिटारला पायटे जोडण्याची चाल रूढ झाली. या पायट्याच्या गिटारचे श्रेष्ठ वादक बडी एमन्स यांचा जन्म १९३७ सालचा. योगायोग असा की, आपल्या ब्रिजभूषण काबरांचे जन्मवर्षही तेच.

या दोघांची वाद्ये शेजारी ठेवून पाहिली तर एकाच बीजाची दोन झाडे कशी होतात ते कळते. अमेरिकन गीताला स्वरसंवाद हवा असतो. तेथे अनेक स्वर एकाच वेळी वाजतात आणि त्यांचे मेळ गाण्याच्या ओळीगणिक पालटतात. सरळ पोलादी कांडी सर्व तारांना एकाच रेषेत स्पर्श करते, तेव्हा तिच्याने हे मेळ हवे तसे पालटत नाहीत. ती अडचण पायट्यांनी दूर केली. आपल्या रागसंगीताची मागणी याच्या अगदी उलट. येथे एका वेळी एकच स्वर, पण तो षड्जाच्या अखंड सान्निध्यात तपासून घेतलेला. त्यामुळे भारतात गिटारला पायटे लागले नाहीत. तिला चिकारी मिळाली, आधारस्वराची तार मिळाली आणि पुढे तरफाही मिळाल्या. ज्या घरी जे मागितले गेले, ते देण्यासाठी वाद्य बदलले.

हवाईहून निघालेली दुसरी वाट आशियाकडची. सागरी प्रवास करणाऱ्या हवाईयन वादकांच्या मंडळ्या विसाव्या शतकाच्या प्रारंभीच आशियातील बंदरांत कार्यक्रम करू लागल्या होत्या. त्यांपैकी टाऊ मो यांच्या कुटुंबाचा मुक्काम १९४० नंतरच्या दशकात काही वर्षे कलकत्त्यास होता. त्याच नगरीत गार्नी निस आणि त्यांचा 'अलोहा बॉईज' हा वाद्यवृंद लोकप्रिय झाला. बंगाली घरांनी या गिटारवर रवींद्रसंगीत आणि नझरुलगीते वाजविली. कवी काझी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध हे स्वत: नामांकित गिटारवादक होते. इकडे मुंबईत व्हॅन शिपले आणि हजारासिंग यांनी चित्रपटगीतांच्या चाली गिटारवर वाजवून तबकड्यांचा मोठा श्रोतृवर्ग मिळविला. कलकत्ता आणि मुंबई यांना जोडणारा लोहमार्ग नागपूर व रायपूरवरून जातो. रायपुरात मराठी आणि बंगाली अशी दोन्ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. त्यामुळे या दोन्ही प्रकारचे गिटारवादन येथील श्रोत्यांस अपरिचित नव्हते. १९६३ साली आकाशवाणीचे रायपूर केंद्र सुरू झाले आणि स्वर घरी येण्याची आणखी एक वाट खुली झाली.

परंतु या साऱ्या वादनाला एक मर्यादा होती. ज्या गीताचे शब्द श्रोत्याला आधीच पाठ आहेत, त्याची चाल गोड करून वाजविणे एवढेच काम गिटारकडे आले होते. शब्दांचा आधार काढून घेतला, चालीचाही आधार काढून घेतला, आणि केवळ राग समोर ठेवला, तर हे वाद्य अर्धा तास श्रोत्याला धरून ठेवू शकेल काय, हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नव्हता. तो विचारण्याचे आणि आयुष्यभर त्याचे उत्तर देत राहण्याचे काम काबरा यांनी केले.

ब्रिजभूषण काबरा यांचा जन्म जोधपूर येथील संगीतप्रेमी घराण्यात झाला. वडील गोवर्धनलाल काबरा हे सतारीचे जाणकार. थोरले बंधू दामोदरलाल हे सरोदवादक आणि उस्ताद अलीअकबर खाँ यांचे शिष्य. अलीअकबर खाँ काही वर्षे जोधपूर दरबारी वादक होते, त्यामुळे या घराला मैहरच्या परंपरेचा सहवास लाभला होता. अशा घरातील धाकट्या मुलाला कलकत्त्याच्या भेटीत गिटार आवडली आणि त्याने ती घरी आणली. सतार व सरोद यांच्या घरात ही हवाईयन पाहुणी! वडिलांना ती रुचली नाही, यात नवल नाही. त्यांनी वाद्य हिरावून घेतले नाही. गिटार वाजवावयाची तर तिच्यावर आपले शास्त्रीय संगीतच वाजवावयाचे, अशी अट घातली आणि मुलाने ती मान्य केली, असे सांगतात.

वाचकहो, या अटीचा थोडा विचार करावा असे मला वाटते. मुलाने काही अनोळखी वस्तूची हौस धरली की आपण वडीलधारी मंडळी सहसा दोनच मार्ग जाणतो. एक तर 'हे आपल्या घरात चालावयाचे नाही' असे म्हणून विषय मिटवितो, किंवा 'आजकालची मुले, करोत काय ते' म्हणून हात झटकतो. तिसरा मार्ग कठीण आहे. हौस मान्य करावयाची, पण तिच्यावर उत्तम परंपरेचे ओझे ठेवावयाचे. हलक्या चाली वाजवून चार महिन्यांत वाहवा मिळविण्याची सोय त्या अटीने काढून घेतली आणि त्या जागी अनेक वर्षांची साधना ठेवली. काबरांची सारी कारकीर्द त्या एका अटीतून उगवलेली आहे.

अट मान्य केली खरी, पण ती पाळावयाची कशी? गिटारवर राग शिकविणारा गुरू तेव्हा कोठून मिळणार? काबरा बंधूंच्या पाठोपाठ अलीअकबर खाँ यांच्याकडेच गेले आणि सरोदवादकाकडून गिटार शिकले. या गोष्टीत दिसते तितका विरोध नाही. सरोदच्या दांडीवरही पडदे नसतात. पोलादी पत्र्यावरून नख घसरत स्वर शोधीत जाते. शिवाय मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांची तालीम मुळात वाद्यापेक्षा रागाची होती. त्यांच्या शिष्यांत सरोद, सतार, बासरी, सूरबहार असे सारेच वादक होऊन गेले. मैहर हे मध्य प्रदेशातले. २००० साली छत्तीसगढ वेगळे होईपर्यंत रायपूरही त्याच राज्यात होते.

तालमीत गिटारची परीक्षा कशी होत असेल, ते समजून घेण्यासाठी तिच्या अडचणी पाहू. पहिली अडचण सुरेलपणाची. बोटाखाली पडदा नाही, पडद्याचा दिलासा नाही. कांडी केसभर पुढे गेली की स्वर चढला, मागे राहिली की उतरला. दुसरी अडचण द्रुत लयीची. सतारीवर दोन बोटे पडद्यांवर नाचू शकतात. येथे एकच कांडी आहे आणि प्रत्येक स्वराला तिलाच धावावे लागते. तान स्वच्छ यावी आणि स्वरास्वरांमध्ये नको असलेली घसीट ऐकू येऊ नये, यासाठी उजव्या हाताचा आघात आणि डाव्या हाताची हालचाल यांचा क्षणाचाही विसंवाद चालत नाही. तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म, कारण ती गोडव्याच्या रूपाने येते. हवाईयन वादनात प्रत्येक दीर्घ स्वराला कांडीचा कंप देण्याची रीत आहे. कानाला तो मधुर लागतो. पण रागात प्रत्येक स्वर हलवून चालत नाही. दरबारीचा गांधार आंदोलित हवा, तर भूपाचा गांधार निश्चल दीपज्योतीसारखा हवा. म्हणजे रागाकडे वळणाऱ्या गिटारवादकाला प्रथम आपल्या वाद्याचे सर्वांत सोपे सौंदर्य टाकून द्यावे लागते.

या अडचणींच्या बदल्यात गिटारजवळ एक मोठे देणे आहे, आणि ते म्हणजे तिची आस. तार छेडल्यावर तिचा नाद पुष्कळ वेळ टिकतो, आणि तो टिकला असतानाच कांडी त्याला कितीही दूर नेऊ शकते. सतारीची मींड तार ओढून घेतात, म्हणून तिला काही स्वरांची मर्यादा पडते. येथे तार ओढण्याचा प्रश्नच नाही. काबरांनी या गुणाला आपले भांडवल केले. त्यांच्या वादनात आलापाला प्राधान्य आहे. एक आघात करावा आणि त्याच नादाच्या श्वासावर तीनचार स्वर गाऊन घ्यावेत, अशी त्यांची पद्धत. ते पोकळ अंगाची मोठी अमेरिकन गिटार वापरीत. दांडीच्या टोकाशी तारांना आधार देणारी पट्टी त्यांनी उंच करून घेतली व आधारस्वराची तार जोडून घेतली. याहून फारसे फेरफार त्यांनी केले नाहीत. वाद्य बदलण्यापेक्षा हात घडविण्यावर त्यांचा भर होता, असे म्हणावयास हरकत नाही.

आता त्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेकडे वळू. तिचे निर्माते जी. एन. जोशी हे मराठी वाचकांस परके नाहीत. ना. घ. देशपांडे यांच्या कवितेला स्वर देऊन मराठी भावगीताचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. पुढे एच. एम. व्ही. या कंपनीत त्यांनी अनेक थोर गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण घडवून आणले. 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये काश्मीरच्या खोऱ्यातील मेंढपाळाच्या एका दिवसाची कथा केवळ वाद्यांतून सांगितली आहे. पहाटेचा अहिर भैरव, त्यापाठोपाठ नट भैरव, मग पिलू, सायंकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी, अशी तिची मांडणी. तबल्यावर माणिकराव पोपटकर. तिघेही मुख्य वादक तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते.

या तिघांना एकत्र आणण्यात निर्मात्याने किती धाडस केले, याची कल्पना आज येत नाही. संतूर हे काश्मीरचे लोकसंगीतातले वाद्य. त्याच्या अनेक तारांवर काड्यांनी आघात होतो, मींड मिळत नाही, म्हणून त्याला रागसंगीतात जागा नाही, असे जाणकार म्हणत असत. बासरी गुराख्यांची, तिला मैफलीचे मोठे रूप देणारे पन्नालाल घोष १९६० सालीच निवर्तले होते. आणि गिटार तर सर्वस्वी परकी. म्हणजे तीनही वाद्ये बैठकीच्या उंबऱ्याबाहेरची. पण त्यांना एकत्र ठेवल्यावर एकीचे उणे दुसरीने भरून काढले. संतूरचे थेंब तुटक पडतात, तेथे गिटारची रेघ त्यांना जोडते. बासरी श्वासावर चालते, तेथे गिटार तारेच्या आसेवर चालून तिला विसावा देते. ज्या मींडेच्या अभावी हार्मोनियमला दार बंद झाले आणि संतूरवर शंका घेतली गेली, ती मींड या मुद्रिकेत सर्वांत परक्या वाद्याने पुरविली आहे. हा विनोद दैवाचा म्हणावा की न्याय?

मुद्रिकेचे कौतुक देशात झाले, परदेशांतही झाले. पुढे ती छोट्या चकतीच्या रूपाने पुन्हा निघाली व आजही ऐकावयास मिळते. तिच्या यशाने संतूर व बासरी यांचे भाग्य उघडले. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांनी पुढे चित्रपटांनाही एकत्र संगीत दिले. काबरांची वाट निराळी होती. त्यांनी अहमदाबादेस वास्तव्य केले, मैफली केल्या, शिष्य घडविले. शिवकुमार शर्मा यांच्यासमवेत संतूर व गिटार यांची जुगलबंदी, राजस्थानच्या वाळवंटाचे भावचित्र रेखाटणारी 'लुअर ऑफ द डेझर्ट' आणि स्वतंत्र रागवादनाच्या काही मुद्रिका, असा त्यांचा ध्वनिमुद्रित वारसा आहे. संगीत नाटक अकादमीने २००५ सालचा पुरस्कार त्यांना दिला. १२ एप्रिल २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

एखाद्या वाटाड्याचे यश त्याच्या मागून किती जण त्या वाटेने गेले यावरून मोजावे. जयपूरचे पंडित विश्वमोहन भट्ट हे पंडित रविशंकर यांचे शिष्य. त्यांनी गिटारला तरफा जोडून तिला मोहनवीणा हे नाव दिले. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासमवेत त्यांनी केलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या मुद्रिकेस १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. कंट्री संगीताच्या परंपरेतील नामवंत स्टील गिटारवादक जेरी डग्लस यांच्याशीही त्यांनी जुगलबंदी केली. त्या दिवशी हवाईहून निघालेल्या दोन वाटा पुन्हा एका ठिकाणी मिळाल्या, असे म्हणता येईल. काबरांचे शिष्य कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य यांनी चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी अशी गिटारची तीन नवी रूपे सिद्ध केली. वाराणसीच्या विदुषी कमला शंकर यांनी गायकी अंगाने हे वाद्य वाजवून श्रोत्यांचा आदर मिळविला. आज गिटारवर राग वाजतो याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटेनासे होणे, हीच काबरांच्या कामाची पावती आहे.

हे सारे घरच्या मंडळींनी कसे ऐकावे, याविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. 'कॉल ऑफ द व्हॅली' लावाल तेव्हा पहिल्या खेपेस ती नेहमीसारखी ऐकावी. दुसऱ्या खेपेस मात्र संतूर आणि बासरी यांच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करून केवळ गिटारचा माग काढावा. ती कोठे पुढे येते, कोठे मागे राहून इतरांना जागा देते, एका आघातावर किती स्वर उमटतात, याकडे लक्ष द्यावे. मुलांना हा खेळ फार आवडतो. कान तयार होण्यासही त्याची मदत होते. त्यानंतर भूपाचा भाग पुन्हा लावावा आणि गांधारावर कांडी कशी निश्चल थांबते ते ऐकावे. मग काबरांचे स्वतंत्र रागवादन मिळाल्यास त्यातील आलाप ऐकावा. तेथे कथा नाही, सोबती नाहीत. वडिलांना दिलेला शब्द आणि तो पाळणारा हात एवढेच आहे.

आपल्या रायपूरजवळ खैरागढ येथे १९५६ सालापासून केवळ संगीत व कला यांना वाहिलेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभे आहे. गावोगावच्या घरांतून आज मुले गिटार मागतात. बहुतेकांना हवी असते ती उभी धरावयाची, गाण्याला साथ करणारी गिटार. त्यात वावगे काही नाही. पण मूल एखादे वाद्य मागील, तेव्हा ते वाद्य कोठले, हा प्रश्न मागाहून विचारावा. देवकी कोण आणि यशोदा कोण, याचा निवाडा गोकुळाने कधीच करून ठेवला आहे. आधी विचारावयाचे ते एवढेच की, या वाद्यावर तू काय वाजविणार आहेस, आणि त्यासाठी किती वर्षे बसावयाची तुझी तयारी आहे? जोधपूरच्या एका पित्याने हा प्रश्न वेळेवर विचारला आणि उत्तर येईपर्यंत धीर धरला, म्हणून हवाई बेटांवरची एक पोलादी कांडी आपल्या अहिर भैरवात येऊन पोहोचली.